आवाज जिरवणारा पाइप

घरच्या अंगणात गाडीचा एक्झॉस्ट बनवायचा म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतली पोरं माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न आवाजाचा असतो. "भाऊ, दणदणीत पाहिजे जी." माझं उत्तर ठरलेलं आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत चांगला एक्झॉस्ट तो, जो ऐकू येत नाही, खालच्या पाल्याला आग लावत नाही आणि पावसाळ्यात आतून कुजत नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर यातलं एखादं विसरलं तरी गाडी चालून जाते. मोहर्ली, आलापल्ली, एटापल्लीकडे तसं चालत नाही.

आवाजाचं महत्त्व मला शिकवलं ते ताडोबातल्या जिप्सीवाल्यांनी आणि गाइडांनी. वाघ डोळ्यांनी दिसण्याआधी कानांनी सापडतो. चितळाचा, वानराचा, सांबराचा कॉल कुठून आला, किती वेळा आला, त्यावर गाइड गाडी वळवतो. ठरलेल्या जागी तो इंजिन बंदच करायला लावतो. पण चालत्या गाडीतही त्याचे कान उघडे असतात आणि पाठीमागे सायलेन्सर घुमत असेल तर तो निम्मा बहिरा होतो. मारुतीने जिप्सीचं उत्पादन २०१९ साली थांबवलं. तेव्हापासून त्या गाड्यांचे गंजलेले पाइप हातानेच नव्याने घडवण्याचं काम माझ्याकडे वाढलं, आणि आवाजाचा विचार मला मुळापासून करावा लागला.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. ८०० आरपीएमवर उभी असलेली गाडी सेकंदाला सुमारे २७ धक्के पाइपात सोडते, १५०० आरपीएमवर ५०. हा खर्ज आहे. वरच्या पट्टीतला आवाज पानं आणि झुडपं थोडाफार अडवतात, खर्ज त्यांतून सहज पार होतो. आता बाजारात फ्री-फ्लो म्हणून मिळणारा सरळ सायलेन्सर बघा: मधून जाळीचा पाइप, भोवती दोन बोटं ग्लासवूल. ते वूल तीक्ष्ण आवाज छान शोषतं. पण तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे ५० धक्क्यांच्या खर्जाची एक लहर दहा मीटर लांब होते. दोन बोटं वूल तिचं काय करणार? म्हणून हे सायलेन्सर हायवेवर बरे वाटतात आणि जंगलातल्या धिम्या चालीत घूं घूं करत राहतात.

खर्जाला कप्पेच लागतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरताना लहर भिंतीवर आपटून उलटी फिरते आणि मागून येणाऱ्या लहरीला खोडते. रीव्ह्ज बंधूंनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८९७ साली इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ विचार हाच आहे. याला जोड म्हणून मी मुख्य पाइपाला एक बंद डबा बारीक मानेने जोडतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एकच सूर निघतो ना, तसा हा डबा एकाच सुराला प्रतिसाद देतो. पण पाइपाला जोडलेला असल्यामुळे तो सूर बाहेर सोडण्याऐवजी गिळतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं गणित मांडलं. मानेची लांबी, तिचं भोक आणि डब्याचं पोट ही तीन मापं जुळली की केबिनमध्ये ठरावीक वेगाला येणारी गुणगुण थांबते. सायलेन्सरचं पोट किती असावं? माझा हिशेब इंजिनाच्या किमान दहापटीचा आहे: १३०० सीसीला तेरा लिटर. जागा मिळाली तर त्याहून जास्त. लहान डब्यात खर्ज जिरत नाही, आत कितीही आडव्या भिंती (बफल) टाका.

पाइप जाड टाकला की ताकद वाढते, हा समज फार घट्ट बसलेला आहे. सिलिंडरमधून सुटलेला वायूचा लोट वेगाने पुढे गेला तर त्याच्यामागे दाब कमी होतो आणि पुढचा लोट ओढून घेतला जातो. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की वायू मंदावतो, ओढ सुटते, आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर आपण राहतो नेमके त्याच आरपीएमला. जिप्सीएवढ्या इंजिनाला दीड ते पावणेदोन इंच पुरे.

आता आगीकडे येतो, कारण या विषयावर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. गडचिरोलीचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग वनाच्छादित आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभाग आगीचा हंगाम धरतो. सागाची पानं गळून रस्त्याच्या कडेला घोट्याएवढा पाला साचतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग तेंदूपत्ता, म्हणजे माणसांची आणि गाड्यांची जंगलात ये-जा याच दिवसांत सर्वांत जास्त. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आत ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला चालतो. एखादा प्लग मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जळतं आणि तो याहून वर जातो. वाळका पाला तीनशे अंशांच्या आगेमागे धुमसायला लागतो. रस्ता सोडून गाडी पाल्यावर उभी केली आणि माणसं उतरून गेली, की आगीला लागणारं सगळं जमलं.

म्हणून घरी एक्झॉस्ट बनवणाऱ्याला माझा आग्रह असतो की कंपनीची हीट शील्ड काढून फेकू नका. ती कुजली असेल तर नवी पत्र्याची करा, पत्रा आणि कन्व्हर्टर यांच्यात बोटभर हवा राहू द्या, आणि कडा अशा ठेवा की त्यात गवताची काडी अडकून बसणार नाही. अडकलेलं गवत उघड्या पाइपाइतकंच वाईट. पाइपाला काचतंतूची पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, ती मी आपल्या हवेत करत नाही: पावसाळ्यात पट्टी ओल धरते आणि पाइप तिच्या आडच कुजतो, बाहेरून दिसतही नाही. आणि कन्व्हर्टर काढून टाकण्याचं काम मी कधीच घेत नाही. भारतात चार महानगरांत १९९५ साली नव्या पेट्रोल गाड्यांना तो आला, शिसेविरहित पेट्रोल देशभर झालं २००० साली. चंद्रपूरच्या हवेत कोळशाची धूळ आणि औष्णिक केंद्राच्या चिमण्यांचा धूर आधीच भरपूर आहे. त्यात आपल्या अंगणातून भर टाकायचं कारण नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. गाडी लांब पळाली तर वाफ बाहेर पडते. बाजारापुरती दोन किलोमीटर जाऊन परत आली तर सायलेन्सर तापतच नाही, पाणी तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. याला उपाय एकच, सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक. पावसाळ्यात रपटे वाहतात, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे आपल्याला नवीन नाही. वाहत्या रपट्यावर गाडी घालूच नये. उथळ नाल्यातून जातानाही तापलेला कन्व्हर्टर गार पाण्यात बुडाला तर आतली सिरॅमिकची जाळी तडकू शकते, म्हणून लांबून आल्यावर थोडं थांबावं. आणि टेलपाइप पाण्याखाली असताना इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नये, गाडी ढकलून बाहेर काढावी.

धातू कुठला घ्यावा? साधा एमएस पाइप स्वस्त आणि वेल्डिंगला सोपा, पण आपल्या पावसात लवकर जातो. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ असे दोन मिळतात. ३०४ दिसायला सुंदर, गंजाला चिवट, पण तापल्यावर जास्त वाढतो: मीटरभर पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळजवळ सात मिलिमीटर, ४०९ साडेचारच्या आसपास. ही वाढ पोटात घ्यायला फ्लेक्सिबल जोड आणि रबरी हँगर हवेत. पाइप चेसिसला घट्ट वेल्ड करून टाकला तर मॅनिफोल्ड तडकतो. नळाच्या दुकानातला जीआय पाइप मात्र कोणी वापरू नये. वेल्डिंगच्या ज्योतीत जस्ताचा मुलामा जळतो, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

प्रत्यक्ष काम अंगणात होऊ शकतं, घाईत होत नाही. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर इंजिनाचा संगणक (ईसीयू) जाईल. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नको: पाइप गाडीवर फक्त टॅक करून घ्या, मग उतरवून खाली पूर्ण वेल्ड करा. सोळा गेजच्या पत्र्याला घरगुती आर्क मशीनवर दोनचा रॉड आणि पन्नास अँपिअर पुरतात. त्याहून जास्त दिलं की भोकं पडतात. गावाकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा वेल्ड वरून भरलेली दिसते आणि आत धरलेलीच नसते. स्टेनलेसला आर्गॉन लागतो, पाइपाच्या आतूनही. ते काम दुकानात करून घेणं शहाणपणाचं.

कायदाही सांगायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मापांना सोडून गाडीत बदल करता येत नाही. केंद्रीय नियमांत सायलेन्सर सक्तीचा आहे, धूर खाली किंवा डावीकडे सोडायला मनाई आहे आणि इंधनाच्या नळीपासून एक्झॉस्ट पाइप किमान ३५ मिलिमीटर दूर हवा. डावीकडे पायी चालणारी माणसं असतात, हे कारण उघड आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी घडवली, तिचं २०२१च्या डिसेंबरात देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्रांनी त्याच वेळी म्हटलं होतं की ही गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ती त्यांना जानेवारी २०२२ मध्ये मिळाली. लोहारांच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच पोरांना सांगतो, कन्व्हर्टरच्या मागचा भाग मूळ मापाने, मूळ मार्गाने, मूळ आवाजाइतका किंवा त्याहून शांत बनवा आणि पीयूसी करून घ्या. कौशल्य दाखवायला एवढी जागा पुष्कळ आहे.

काम झाल्यावर पहिली सुरुवात उघड्यावर करा, शेडमध्ये कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. टेलपाइपवर ओलं फडकं क्षणभर दाबून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तिथे गळती आहे. टेलपाइप गाडीच्या मागच्या कडेबाहेर आलाच पाहिजे, नाहीतर डिकीच्या फटींतून धूर आत शिरतो आणि मागच्या सीटवरची मुलं गुंगतात. मग गाडी तासभर चालवून पूर्ण गार होऊ द्या आणि फ्लँजचे सगळे नट पुन्हा आवळा, कारण पहिल्या तापण्यात गॅस्केट बसतं आणि नट सैल पडतात. दुसऱ्या दिवशी खाली वाकून टॉर्चने बघा. जोडाभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तो जोड उघडायचा, गॅस्केट बदलायचं आणि मगच घरच्यांना गाडीत बसवायचं.