कुठ्ठाळीच्या पाण्यातील खूण

निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार कोणाही मालकाने आपल्या वाहनात करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे ५२ वे कलम सांगते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा बराच कडक अर्थ लावला. तेव्हापासून आमचे काही पक्षकार टपावर सामानाची जाळी बसवावयाची तरी आधी आमचा सल्ला घेतात. रेडिओ आणि नकाशा यांचा जो संच गाडीत कारखान्यातूनच बसून येतो, त्याचा उल्लेख मात्र नोंदणीपत्रात कोठेच नसतो. तो काढला, बदलला किंवा मुळीच ठेवला नाही, तरी कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही.

आमच्या घरचा कायदा इतका उदार नव्हता.

गाडी २०१६ ची. तिच्या संचातील नकाशाही त्याच सुमाराचा, आणि नवा नकाशा मिळण्याची सोय निर्मात्याने केव्हाच बंद केलेली. सुरतेत आम्ही अडाजणला राहतो आणि न्यायालय अठवा लाइन्सला. या दोहोंमध्ये तापीवर तारांनी तोललेला नवा पूल २०१८ साली खुला झाला. परंतु आमच्या संचाला त्याची वार्ताच नाही. त्यामुळे रोज सकाळी दहाच्या सुमारास, काळा कोट घातलेले आम्ही पडद्यावर तापीच्या पात्रातून चाललेले दिसत असू, आणि परदेशी उच्चारांची बाई आम्हांस मागे वळावयास सांगत असे. पुढे स्पर्शाचा पडदाही आंधळा झाला. एक अक्षर दाबावे तर शेजारचे उमटे. तेव्हा संच बदलण्याचे ठरले.

मातोश्रींनी दोन हरकती घेतल्या.

पहिली रेडिओची. त्यांना मध्यम लहरी हव्यात, आणि बाजारातील पुष्कळशा नव्या संचांत केवळ एफ. एम. असते. एफ. एम. च्या लहरी डोंगराआड अडतात. मध्यम लहरी जमिनीच्या आधाराने दूरवर सरकत जातात. कोकणच्या वाटेवर हा भेद कानांना तत्काळ कळतो. आकाशवाणीने मध्यम लहरींवरील काही प्रक्षेपक अलीकडे बंद केले, हे आम्ही त्यांस सांगून पाहिले. “जें उरलां तें आयकतां,” एवढेच उत्तर मिळाले.

वाहनातील रेडिओवर त्यांची ही निष्ठा उगीच नाही. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. सुरतेहून मुंबईस जाताना वापीजवळ जो मुलूख डावीकडे राहतो तोच हा. त्या लढ्यात सुधीर फडकेही होते. तेथे पोर्तुगीजांकडून हाती लागलेल्या बिनतारी संचांत फेरफार करून त्यांचे एक नभोवाणी केंद्र करण्यात आले, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो हे आंबोलीच्या रानातून, एका ट्रकमधून, गोव्याला उद्देशून पोर्तुगीज व कोंकणी भाषांत बोलू लागले. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला गेले. फोंडे महालातील आमच्या आजोळी दारे लावून, आवाज अगदी बारीक करून ते ऐकले जाई. मातोश्री तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. बाहेर कोणी येते की काय हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचे जाहीर केले. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाल्याचे वाचले, तेव्हा मातोश्रींनी ते वृत्तपत्र रद्दीत घालू दिले नाही. चालत्या गाडीतून निघालेला आवाज कोठवर पोहोचतो, हे ज्यांनी अंगणात उभे राहून राखले, त्यांच्याशी लहरींच्या गुणावगुणांवर वाद काय घालावयाचा? मध्यम लहरी असलेला संच शोधण्यात आमचे तीन रविवार गेले.

दुसरी हरकत अधिक नाजूक होती. श्रीमंगेश आमचे कुलदैवत. त्याचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी, जुवारीच्या काठी. १५६० साली पोर्तुगीजांच्या उच्छेदाच्या भयाने भक्तांनी देव नदीपार अंत्रुज महालात प्रियोळला नेला. पुलाने जाणे आज सोयीचे आहे, आणि नवा पूल तर प्रशस्तच. तरीही मातोश्री गाडीसह कुठ्ठाळीहून मडकईच्या फेरीबोटीनेच जावयाचे, असा हट्ट धरतात. अशाच एका यात्रेत बोट मध्यावर असताना संचातील बाई “मागे वळा, मागे वळा” असा घोष करू लागली. मातोश्री हात जोडून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “देव हेच वाटेन गेल्लो. तिका सांग.”

बाईला सांगणे शक्य नव्हते. परंतु यंत्रात ती जागा नोंदवून ठेवणे शक्य होते. पुतण्याने कळ दाबली आणि खुणेला नाव दिले, “देव”. तेव्हापासून मंदिर, मुंबईचे रुग्णालय, मावशीचे घर अशा सरळमार्गी पत्त्यांच्या यादीत भर नदीतील हा एक मुक्काम राहून गेला. तो पुसला जाणार, ही ती हरकत. दुकानातला कारागीर पाऊण तासात काम उरकणार; वायरी कापून चिकटपट्टी गुंडाळणार; आंधळ्या पडद्यातून एक खूण वाचून काढण्याइतका धीर तो कोठून आणणार? म्हणून काम घरी करावयाचे ठरले. पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. हात त्याचे, हुकूम आमचे, आणि इमारतीखाली खुर्ची टाकून देखरेख मातोश्रींची.

आधी आम्ही पंचनामा केला. अक्षर दाबले की शेजारचे उमटते, म्हणून शेजारचे दाबून हवे ते उमटवावयाचे, अशा वक्रमार्गाने ती यादी उघडली, आणि प्रत्येक स्थळाचे अक्षांश-रेखांश कागदावर उतरविले. “देव” १५ अंश २४ कला उत्तर आणि ७३ अंश ५५ कला पूर्व यांच्या आसपास निघाला. विकलांचे आकडे दोनदा ताडून घेतले, कारण अक्षांशाची एक विकला म्हणजे भूमीवर सुमारे ३० मीटर. दहा-पंधरा विकलांची चूक झाली तर देव नदीतून शेतात जावयाचा.

पुढील काम त्यामानाने सोपे. दहाच्या पान्याने बॅटरीचे ऋण अग्र सोडविले आणि हवेच्या उशीचा मंडलप्रवाह निवावा म्हणून थोडा वेळ स्वस्थ बसलो. प्लास्टिकच्या पट्टीने चौकट उचकली, चार स्क्रू काढले, संच पुढे ओढला. जुने-नवे दोन्ही संच १८० बाय १०० मिलिमीटरच्या ठरीव खिडकीत बसणारे, त्यामुळे कापाकापी नको होती. गाडीच्या वायरींचे रंग नव्या संचाशी जुळत नाहीत. म्हणून मध्ये तयार कपलर घातला. पिवळ्या वायरीला अखंड वीज, तांबड्या वायरीला किल्ली फिरविल्यावरची, काळी जमिनीची. मूळ वायर एकही तोडली नाही; हमीच्या वादात कापलेली वायर हा प्रतिपक्षाच्या हातचा उत्तम पुरावा ठरतो. उपग्रहांचा संदेश घेणारी चपटी डबी पुढील काचेच्या कडेशी, धातूच्या आड येणार नाही अशी चिकटविली. टपावरील जुने एरियल तसेच ठेवले.

किल्ली फिरविली. प्रथम खरखर आली, मग कोठल्याशा केंद्रावरील बासरी. मातोश्रींनी मान हलविली. पहिली हरकत निकालात निघाली.

मग आकडे भरून “देव” असे नाव दिले आणि मार्ग विचारला. नव्या यंत्राने तापीचा पूल ओळखला, मुंबई ओलांडली, कोकण उतरले, आणि ती निळी रेघ कुठ्ठाळीच्या धक्क्यावर येऊन थांबली. पुढे पाणी आणि पाण्यात एकटी खूण. पुतण्या हिरमुसला. “काका, यापुढे रस्ता नाही म्हणते.”

मातोश्रींनी चष्मा सारखा करून पडदा पाहिला. “थंयमेरेन पुरो,” त्या म्हणाल्या. “मुखार हांव सांगतां.”

न्यायालयास दिवाळीची सुट्टी लागताच निघावयाचे आहे. त्यापूर्वी ब्रेक तेवढे तपासून घेतले पाहिजेत.