320 अँपिअरची डबी

पुण्याच्या तापकीर गल्लीत एका दुकानाच्या काचेखाली लाल रंगाची डबी होती. तिच्यावर ठसठशीत छापलं होतं, 320 अँपिअर. किंमत हजाराच्या आत. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांसाठीचा हा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारं सर्किट. रोबोवॉर, म्हणजे रोबोंच्या लढतींच्या स्पर्धेसाठी, आमच्या टीमचा पंधरा किलोचा रोबो तयार होत होता. सांगाडा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवर. हत्यार म्हणून फिरणारा ड्रम, त्याची मोटर आणि बॅटऱ्या यांतच बहुतेक वर्गणी संपलेली. चाकांच्या मोटरींचे कंट्रोलर घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि सगळ्यांची अपेक्षा एकच, स्वस्तात बसव.

माझा मामा ऑटो-इलेक्ट्रिशियन. गाड्यांचे सेल्फ, डायनॅमो, वायपर उघडण्यात त्याची हयात गेली. मोबाइलवर त्या डबीचा फोटो दाखवला, तर त्यानं आकड्याकडे बघितलंच नाही. तिच्यातून निघालेल्या वायरी बघितल्या. "मारुतीच्या सेल्फला अंगठ्याएवढी केबल जाती. ही पेन्सिलीएवढी. तीनशे वीस कुठनं जाणार गं हिच्यातनं?"

असले आकडे बहुधा बेरजेतून येतात. आतल्या एकेका मॉसफेटच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, डेटाशीटवर तो थंड असतानाचा कमाल करंट दिलेला असतो. शेजारीशेजारी जोडलेल्या सगळ्या मॉसफेटचे असे आकडे एकत्र केले, की कागदावर काहीही जमतं. पण ती डबी मी नाकारली ती या कारणानं नव्हे. खेळण्यातल्या गाडीच्या ईएससीला मागे जायचं असेल तर आधी ब्रेक लागतो. मग रिमोटची स्टिक मध्यावर आणायची, पुन्हा मागे ओढायची, तेव्हा कुठे गाडी मागे जाते. आमचा रोबो रणगाड्यासारखा वळणार, म्हणजे डावी चाकं पुढे आणि त्याच क्षणी उजवी मागे. समोर कुणाची चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असताना एका बाजूनं आधी ब्रेक लावून विचार करत बसणं परवडत नाही.

मग मामानं मुद्द्याला हात घातला. "खोक्यावर काय लिवलंय ते कशाला बघतीस? तुझी मोटर जाम केल्यावर किती ओढती ते सांग आधी."

मोटरी आम्ही जुन्या कॉर्डलेस ड्रिल मशिनमधल्या काढल्या होत्या. अशा मशिनची बॅटरी मरते. मोटर आणि प्लॅनेटरी गिअरबॉक्स ठणठणीत राहतो, त्यामुळे भंगाराच्या भावात मिळतात. पण डेटाशीट कुठलं असणार? रेझिस्टन्स मल्टिमीटरवर थेट मोजावा, तर मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स मोटरएवढा भरतो. मामानं हेडलाइटचा 55 वॉटचा हॅलोजन बल्ब काढला, तो मोटरच्या सिरीजमध्ये लावला आणि शाफ्ट व्हाइसमध्ये आवळला. बल्ब पेटला, मोटर जागच्या जागी अडकलेली. करंट 4.2 अँपिअर, मोटरच्या दोन टोकांत 0.92 व्होल्ट. भागाकार केला, 0.22 ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पुन्हा मोजलं, कारण ब्रश कुठे टेकलेत त्यावर आकडा हलतो. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट देते, म्हणजे मोटर जाम झाली तर सुमारे 57 अँपिअर. वायरींचा आणि बॅटरीचा रेझिस्टन्स धरून थोडा कमी.

सत्तावन्न ऐकून टीममधल्या मुलांचे चेहरे उतरले. अमेरिकेतल्या डायमेन्शन इंजिनिअरिंगचा सेबरटूथ 2x32 हा कंट्रोलर दोन मोटरींना प्रत्येकी सलग 32 आणि क्षणभर 64 अँपिअर देतो, रिमोटचा सिग्नल थेट घेतो. किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास, वर कुरिअर आणि कस्टम. स्पेअर घ्यायचा म्हटलं तर सगळं दुप्पट. तो विषय तिथेच संपला.

त्या रात्री मी चाकांचा हिशेब केला, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसे त्या कागदानं वाचवले. पंधरा किलोतले साडेसात एका बाजूच्या चाकांवर. रबराची पकड वजनाच्या नव्वद टक्के धरली, तर ती बाजू 66 न्यूटनपेक्षा जास्त जोर लावूच शकत नाही; त्यापुढे चाक घसरतं. चाकाची त्रिज्या पाच सेंटिमीटर, गिअर 36 पट, मोटर मोकळी फिरताना मिनिटाला सुमारे 20 हजार फेरे. गिअरमधली गळती धरून उत्तर आलं साधारण 20 अँपिअर. म्हणजे समोरच्याला कितीही ढकललं, तरी मोटर जाम व्हायच्या खूप आधी चाकं घसरणार. सत्तावन्न येणार तो चाकात काही अडकलं तरच.

एक प्रसंग मात्र त्याहून वाईट असतो. पूर्ण वेगात पुढे जाताना एकदम मागे ओढलं, की फिरणाऱ्या मोटरचा स्वतःचा व्होल्टेज बॅटरीच्या जोडीला येतो. बारा अधिक अकरा, भागिले 0.22. शंभराच्या पुढे! अगदी थोडा वेळ, पण मॉसफेट मरायला तेवढा पुरतो. आणि मॉसफेट मरतो तो बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे रिमोट बंद केला तरी रोबो फुल स्पीडनं पळत राहतो. बॅटरी तोडायला बाहेरून उपसता येणारी मेन लिंक नियमात असते ती उगाच नाही.

वीस सलग, पन्नास-साठ अधूनमधून. या मापाचा सर्वांत स्वस्त माल म्हणजे बीटीएस 7960 चिपचा बोर्ड. पाचशेच्या आसपास, दुकानदार 43 अँपिअर सांगतो. आकडा खोटा नाही, फक्त तो सलग झेपणारा करंट नव्हे. त्याच्या आसपास चिप करंट छाटायला लागते. चिपचा वाटेतला रेझिस्टन्स 16 मिलिओहम, म्हणजे वीस अँपिअरला जवळपास साडेसहा वॉट उष्णता, तीही फक्त वाहण्याची. एवढी उष्णता बोर्डामागच्या चिमुकल्या हीटसिंकनं कुठे टाकायची? चाकावर पट्टा आवळून बेंचवर चालवला, तर थोड्याच वेळात बोर्ड गप्प झाला. जळला नाही, चिपनं गरम झाल्यावर स्वतःला बंद करून घेतलं. गंमत म्हणजे ती थंड झाली तरी आपणहून उठत नाही; इन्हिबिटची पिन खाली घेऊन पुन्हा वर करावी लागते. हलक्या रोबोला हा बोर्ड उत्तम, आणि पैशाला इतकी शहाणी चिप दुसरी नाही. पण तीन मिनिटांच्या लढतीत मधेच झोपणारा गडी मला नको होता.

शेवटी सायट्रॉन या मलेशियन कंपनीचे एमडी 30 सी हे बोर्ड घेतले, दोन मोटरींना दोन आणि एक स्पेअर. सलग 30, सेकंदभर 80 अँपिअर. रिमोटचा सिग्नल तो थेट घेत नाही, म्हणून मधे आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड टाकला. त्याच्या कोडमध्ये दोन गोष्टी घातल्या. सिग्नल तुटला की दोन्ही मोटरी शून्यावर. आणि स्टिक कितीही झटक्यानं ओढली, तरी पुढून मागे जाताना वेग पायरीपायरीनं उतरणार. रोबो चालवणारा आमचा ड्रायव्हर कुरकुरला, गाडी सुस्त झाली म्हणाला. मी पायऱ्या थोड्या उंच केल्या, काढल्या नाहीत. बोर्ड स्पंजावर बसवले आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण घातलं, कारण ड्रम लागला की लोखंडाचा कीस सगळीकडे उडतो.

स्पर्धेत दुसऱ्या लढतीत समोरच्यानं आम्हाला भिंतीशी दाबून धरलं आणि आमच्याच फाटलेल्या पत्र्याचा तुकडा डाव्या चाकात घुसला. चाक जाम. जे व्हाइसमध्ये मोजलं होतं, तेच आता ॲरेनात. ड्रायव्हरनं स्टिक सोडली, पुन्हा दिली, पुन्हा सोडली, तुकडा निघाला. नंतर ड्रमचा बेल्ट उतरला आणि गुणांवर आम्ही हरलो. झाकण काढून बोर्डाला हात लावला, कोमट होता.

परीक्षा झाल्यावर ज्युनिअर ते तिन्ही बोर्ड अर्ध्या किमतीत मागायला आले. मामाला सांगितलं, तर म्हणाला, "पाऊण घे की गं. टेस्ट करून दिलेत म्हणावं."