धयकालो, केबल आणि घरचा कॉम्प्युटर

दशावतारी नाटकाला छापील पुस्तक नसते. आमच्या पेडण्यात ज्यांनी रात्र जागून धयकालो पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. संध्याकाळी कंपनी देवळात पोचते. पेटारे उतरतात. तोंडाला रंग लावता लावता आज कुठले आख्यान करायचे ते ठरते. राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण, युद्ध कुणाकुणाचे आणि शेवटी देव कुठला प्रकट होणार, एवढे सांगितले की झाली तालीम! बाकीचे संवाद नट उभ्या उभ्या रचतो. समोरचा नट काय बोलला, पेटीवाल्याने कुठला सूर दिला, प्रेक्षकांत कोण बसले आहे, यावर ते ठरते. म्हणून आज हरमलला पाहिलेले आख्यान उद्या कोरगावला तसेच दिसत नाही. नाव तेच, कथा तीच, पण बोलणे नवे.

आता याचा दुसरा अर्थ पाहा. संगीत नाटकाचे पुस्तक कपाटात राहते. शंभर वर्षांनी कुणीही ते काढून वाचू शकतो. काल्याचे तसे नाही. पहाटे दहीहंडी फुटली की रात्रभर बोललेले सगळे संपले. ते कुठे राहात असेल तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात, नाहीतर कुणी यंत्रावर धरून ठेवले असेल तर त्या यंत्रात. २००५ साली मी कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतले, ते याच कारणासाठी.

त्याआधी केबलची थोडी हकिकत सांगायला हवी. १९९१च्या आखाती युद्धानंतर देशभर गल्लोगल्ली डिश उभ्या राहिल्या. १९९२ साली झी आले, १९९९ साली अल्फा मराठी आले. १९९५ साली केबलसाठी स्वतंत्र कायदा झाला. पण आमच्या भागातल्या केबलची खरी ओढ वेगळीच होती. केबलवाल्याकडे एक चॅनल स्वतःचा असायचा. त्याच्यावर दुपारी सिनेमा, संध्याकाळी दुकानांच्या जाहिराती, चवथीच्या दिवसांत भजनांच्या स्पर्धा, आणि तुळशीचे लग्न होऊन जत्रा सुरू झाल्या की आसपासच्या देवळांतले काले. आमच्या केबलवाल्याचा फोन आला की आईला कोण आनंद! "वयनी, आज रातीं कालो दाखयतलों हां," एवढेच तो सांगायचा. बाबांचे गुडघे तेव्हा गेलेले होते. देवळासमोर मांडी घालून रात्र काढणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्यासाठी जत्रा म्हणजे तो चॅनल.

हे चित्रीकरण व्हायचे कसे? एक मुलगा छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन देवळात जायचा. त्याच्या डिजिटल कॅसेटवर ६० मिनिटे मावत. रात्रभराच्या काल्याला चार-पाच कॅसेटी लागायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या एकामागून एक लावून चॅनलवर दाखवायच्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कॅसेटींवर कुणाचे तरी लग्न किंवा मुंज! कॅसेटी महाग, धंदा लहान, त्याला दोष कोण देणार? पण त्यामुळे झाले असे की मूळ चित्रण पुसले जायचे, आणि ज्याने घरी उतरवून घेतले असेल त्याच्याकडचीच प्रत काय ती उरायची.

तर ते कार्ड. म्हापशातल्या एका दुकानातून दीड हजार रुपयांना आणलेले, आत फिलिप्सची ७१३० चिप. कॉम्प्युटर उघडायचा, पांढऱ्या पीसीआय खाचेत कार्ड दाबून बसवायचे, मागच्या बाजूला केबलची वायर पिळून लावायची. टीव्ही आणि कॉम्प्युटर दोघांनाही सिग्नल हवा म्हणून मध्ये स्प्लिटर. स्प्लिटरने सिग्नल दोघांत निम्मा निम्मा होतो हे आधी लक्षात घ्यावे लागते. आमचे घर लाइनच्या शेवटाला, त्यामुळे निम्म्या सिग्नलवर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग खांबावरून येणारी वायर आधी एका लहान ॲम्प्लिफायरमध्ये आणि तिथून स्प्लिटरला, असे केले. कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये देश विचारतात. तिथे भारत सापडला नाही तर पाल-बी पद्धत असलेला कुठलाही देश निवडला तरी चालायचे. आवाज मात्र त्या चिपमधून थेट कॉम्प्युटरमध्ये जात नसे. त्यासाठी कार्डातून साउंड कार्डाच्या लाइन-इनला एक वेगळी छोटी वायर जोडावी लागे. ती राहिली की राजा नुसते तोंड हलवतो.

पुढचा प्रश्न जागेचा. याचे गणित मजेदार आहे. पाल पद्धतीचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रे. काहीही न आवळता ते जसेच्या तसे साठवायचे तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. माझी हार्ड डिस्क होती सगळी मिळून ८० जीबीची! म्हणजे गणपतीचे आगमन, सरस्वती, संकासूर एवढे होईपर्यंत डिस्क भरणार आणि आख्यान बाहेरच राहणार. म्हणून आवळणे आलेच. एमपेग-२ मध्ये सेकंदाला ४ मेगाबिट ठेवले की तासाला १.८ जीबी होतात, आणि एका डीव्हीडीवर अडीच तास मावतात. चित्र साधारण केबलवर दिसते तसेच. व्हीसीडी केली तर जागा आणखी कमी लागते, पण ३५२ बाय २८८ च्या त्या चित्रात नटाच्या डोळ्यांतले काही दिसत नाही. काल्यात डोळे महत्त्वाचे. मी डीव्हीडीवरच राहिलो.

एक पथ्य मात्र पाळायचो. चार तासांची एकच फाइल करायची नाही, तासातासाला नवी करायची. याला दोन कारणे. जुन्या फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, हे एक. दुसरे कारण जास्त नाजूक. चित्र ट्यूनर कार्डाच्या घड्याळावर चालते आणि आवाज साउंड कार्डाच्या. दोन्ही घड्याळांत केसाएवढा फरक असतो. पहिल्या तासात तो कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासाला मृदंगाची थाप आधी आणि नटाचे पाऊल मागून पडायला लागते. ज्याच्या घरी ताल आहे त्याला हे सहन होणारे नाही. आणि यूपीएस! जत्रेचे दिवस असोत की पावसाचे, पेडण्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. अर्धवट राहिलेली फाइल पुष्कळदा उघडतच नाही.

आता डिचोलीची गोष्ट. माझी मावशी डिचोलीला दिलेली. तिथला नवा सोमवार सगळ्या गोव्यात प्रसिद्ध. दिवाळीनंतर शांतादुर्गेची पालखी निघते आणि ठिकठिकाणी गायनाच्या बैठका होतात. गोव्याबाहेरचे नामवंत गायकही त्या बैठकांना आलेले आहेत. गाण्याचेही काल्यासारखेच नाही का? राग तोच असतो, बंदिशही तीच असते, पण त्या रात्रीचा विस्तार त्या रात्रीपुरता. डिचोलीच्या केबलवर या बैठका दाखवायचे, पण ती केबल डिचोलीपुरती. आमच्या पेडण्यात तो चॅनल दिसायचा नाही. म्हणून २००७ साली मावसभावाच्या कॉम्प्युटरलाही कार्ड बसवले. मी म्हापशावरून जुन्या बसने ॲम्प्लिफायर आणि वायरचे भेंडोळे पिशवीत घालून गेलो होतो. मावशी म्हणाली, "तू काय आता केबलचो धंदो सुरू केलास?" पुढे पेडण्याच्या डीव्हीडी डिचोलीला आणि डिचोलीच्या पेडण्याला अशी देवाणघेवाण बरीच वर्षे चालली.

याचा उपयोग काय, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. बाबांसाठी पावसाळ्यात काले लावता येतात, एवढेच उत्तर माझ्याकडे होते. खरे उत्तर नंतर मिळाले. आमच्या शेजारच्या गावात एक स्त्रीपार्टी करणारे कलाकार होते. दिवसा बागायत आणि रात्री राणी. २०११ साली ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांची मुलगी घरी आली. त्यांच्याकडे फोटो होते, शाल-श्रीफळ होते, एका सत्काराचे मानपत्र होते. "बाबांचा आवाज आहे का तुमच्याकडे?" एवढेच तिने विचारले.

होता. डीव्हीडीच्या कव्हरवर गाव, देऊळ, तारीख, कंपनी, आख्यान आणि ओळखता आलेल्या नटांची नावे मी बॉलपेनने लिहून ठेवायचो, म्हणून दहा मिनिटांत सापडला. त्यात त्यांनी वनवासातल्या राणीचा विलाप केला आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांनी तो त्या रात्री रचला, त्या रात्री म्हटला. मुलगी पाहात बसली आणि मध्येच म्हणाली, "हे आजीचे बोलणे. आजी अशीच रडायची." म्हणजे नटाने राणीच्या तोंडी आपल्या आईची भाषा घातली होती. हे समीक्षकाला कळले नसते, मला तर नाहीच. ते फक्त तिलाच कळले, आणि तेसुद्धा आवाज शिल्लक होता म्हणून.

आणखी एक उदाहरण देतो. काल्याच्या पूर्वरंगात संकासूर येतो. काळा वेष, बोली आमचीच, आणि गावातल्या कुणालाही टोमणा मारायची त्याला परवानगी. माझ्याकडच्या एका डीव्हीडीत तो मोपच्या विमानतळाची यथेच्छ चेष्टा करतो. तेव्हा विमानतळ नुसता कागदावर होता, सडा सड्याच्या जागी होता आणि लोक पोट धरून हसताहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याच मोपला विमानतळाचे उद्घाटन झाले. आज ती डीव्हीडी लावली तर हसू वेगळ्या ठिकाणी येते आणि काही ठिकाणी येतही नाही. पेडण्यातले लोक त्या वेळी आपापसांत काय बोलत होते हे वर्तमानपत्रांच्या फाइलींत सापडेल, पण त्या बोलीत आणि त्या हशासकट सापडणार नाही.

अशी उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. बीबीसीने १९६७ ते १९७८ या काळात आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेपा पुसून टाकल्या. त्यात 'डॉक्टर हू' या मालिकेचे पुष्कळ भाग गेले. पण चित्र गेलेल्या त्या सर्व भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. का? तर काही शाळकरी मुलांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. बीबीसीसारख्या संस्थेचे हे, मग आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचे काय घेऊन बसलात?

कायद्याचा प्रश्न काहीजण काढतात, तो रास्त आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ३९वे कलम म्हणते की स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी ध्वनी वा चित्रमुद्रण केले, तर प्रसारकाच्या आणि कलाकाराच्या हक्काचा भंग होत नाही. विकायला मात्र मुभा नाही. ते योग्यच आहे, कारण कंपनीचे पोट नाटकावर चालते. ती मुलगी आली तेव्हा पैशांचा प्रश्न नव्हताच. नटाचे बोलणे नटाच्या घरी गेले, एवढेच.

माझे ते कार्ड आता निरुपयोगी आहे. २०११ साली केबलच्या कायद्यात बदल झाला आणि टप्प्याटप्प्याने सगळी केबल डिजिटल झाली. शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. जुन्या कार्डाला ती भाषा येत नाही. सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी यूएसबीच्या छोट्या उपकरणाला जोडून अजूनही मुद्रण करता येते. पण आता काले मोबाइलवर चित्रित होतात आणि त्याच रात्री यूट्यूबवर येतात, तेव्हा नव्याची काळजी नाही. काळजी आहे ती मधल्या वीस-पंचवीस वर्षांची, म्हणजे केबलच्या काळाची. त्या काळातले कितीतरी नट आता नाहीत. 'लोकराजा' म्हणून ओळखले जाणारे सुधीर कलिंगणही २०२२ साली गेले. आणि घरी जाळलेल्या सीडी-डीव्हीडी काही अमर नसतात. आमच्या दमट हवेत त्यांचा रंगाचा थर खराब होतो, बुरशी धरते. माझ्या कपाटातल्या काही आजच अडखळतात.

म्हणून कपाटे उघडा. व्हीसीडी असेल तर तिच्यातल्या एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करा, व्हीएलसीवर ती चालते. डीव्हीडी असेल तर पूर्ण फोल्डर उचला. अडखळली तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल गोल नको, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि आख्यान घाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून नट कोण कोण ते विचारा आणि तेही लिहा, कारण चेहरे ओळखणारी माणसे डीव्हीडीच्या आधी जातात. तीन प्रती करा. एक स्वतःकडे, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, आणि एक त्या नटाच्या घरी. तिसरी विसरू नका. चवथीला सगळे घरी जमतातच, दोन दुपारी एवढे काम सहज होते.