मोडीचा भाव

व्यापारात माल विकणे वेगळे आणि त्या मालाची गरज ग्राहकाच्या मनात रुजविणे वेगळे. पहिले काम दुकानदार करतो. दुसऱ्या कामाला दशके लागतात. आणि परक्या देशात, परक्या भाषेत ते करावयाचे असेल, तर ग्राहकाच्या लग्नकार्यापर्यंत पोहोचावे लागते. परदेशी व्यापाराने चीनमध्ये हिरा विकला तो या दुसऱ्या प्रकाराने. त्या यशात मूळच्या पालनपूरच्या जैन पेढ्यांना आणि सुरतेच्या काठियावाडी कारखानदारांना मोठा लाभ झाला. आज त्या बाजाराला ओहोटी लागली असताना तिची झळही त्यांच्याच घरांना बसते आहे. म्हणून ही हकीकत दूरच्या देशातील असली, तरी व्यापारी कुटुंबाने ती नीट समजून घ्यावी अशी आहे.

चीनमध्ये हिऱ्याला पूर्वापार मान नव्हता. तेथे मान होता जेड या रत्नाला. सज्जनाच्या अंगच्या गुणांची तुलना तेथील प्राचीन ग्रंथांत जेडशीच केलेली आढळते. लग्नात वधूच्या अंगावर शोभे ते सोने. साम्यवादी राजवटीत दागिने मिरविणे गैर ठरले, तेव्हा लग्नाची प्रतिष्ठा निराळ्याच वस्तूंवर येऊन ठेपली. 1970 च्या दशकात वराकडून मनगटी घड्याळ, सायकल, शिवणयंत्र आणि रेडिओ या चार वस्तूंची अपेक्षा केली जाई. 1978 नंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्या आणि हाती पैसा खेळू लागला, तरी अंगठीत हिरा असावा असे कोणत्याही चिनी आईला वाटण्याचे कारण नव्हते.

ते कारण डी बिअर्स या कंपनीने पुरविले. ‘हिरा म्हणजे चिरंतन’ या अर्थाचे तिचे प्रसिद्ध इंग्रजी घोषवाक्य 1947 मध्ये अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेत लिहिले गेले होते. पुढे जपानमध्येही कंपनीने वाङ्निश्चयाच्या हिऱ्याच्या अंगठीची प्रथा रुजविली. 1990 च्या दशकात ती चीनकडे वळली, तेव्हा त्या घोषवाक्याचे केवळ शब्दशः भाषांतर करण्यात आले नाही. चिनी वाक्याचे दोन भाग केले गेले, प्रत्येकी पाच अक्षरांचे, जुन्या चिनी पद्यातील चरणांसारखे तोललेले. पहिल्या भागात हिऱ्याचे चिरंतनत्व होते. दुसऱ्यात, असा एकच खडा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतो, ही इंग्रजीत नसलेली कल्पना होती. अमेरिकेत हिरा दोन जिवांच्या प्रेमाची खूण होता. चीनमध्ये तो घराण्याचा वारसा म्हणून आला. पूर्वजांचे स्मरण आणि वंशाचे सातत्य ज्या समाजाच्या रक्तात आहे, तेथे हे शब्द खोलवर गेले.

काळही अनुकूल होता. एक अपत्याच्या धोरणात जन्मलेली पहिली पिढी 2000 नंतर विवाहयोग्य झाली. एका मुलाच्या वा मुलीच्या लग्नामागे आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, अशा सहा वडीलधाऱ्यांची माया आणि पुंजी उभी होती. 2000 मध्ये शांघाय येथे हिऱ्यांचा विनिमय बाजार स्थापन झाला. हाँगकाँगच्या चाऊ ताई फूकसारख्या जुन्या सराफी पेढ्यांची दुकाने मुख्य भूमीवरील शहराशहरांत उघडली. पाहता पाहता हिऱ्यांच्या दागिन्यांच्या खपात चीन अमेरिकेखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर गेला.

या साखळीत भारतीय व्यापाऱ्याची जागा मध्यावर होती. आफ्रिका आणि रशियातील कच्चा माल सुरतेत पैलू पाडून तयार होई, मुंबईत त्याची प्रतवारी होई आणि हाँगकाँगमधील भारतीय पेढ्यांतून तो चिनी सराफांकडे जाई. जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेचा हात लागतो, असे व्यापारात मानले जाते. पेढीवरची तरुण मुले हाँगकाँगला गेली, तेथे संसार थाटले, धंद्यापुरती चिनी भाषा शिकली. परंतु त्यांचा ग्राहक होता चिनी सराफ. ज्या वधूच्या बोटात तो खडा जायचा, तिची त्यांची गाठ कधी पडली नाही. तिच्या मनात इच्छा जागविण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी खर्चाने चालले होते. पुढे डी बिअर्सने सर्वांच्या वतीने चालणारी ही जाहिरात आवरती घेऊन स्वतःच्या नाममुद्रेकडे लक्ष वळविले, तेव्हा या व्यवस्थेतील उणीव दिसू लागली.

ग्राहकाला स्थानिक व्यापाऱ्यांनी अधिक ओळखले. एका चिनी पेढीने असा नियम केला, की पुरुषाने आपला ओळख क्रमांक नोंदवावा आणि उभ्या आयुष्यात तिच्याकडून एकाच स्त्रीसाठी अंगठी घ्यावी. खडा इतर दुकानांतल्यासारखाच होता. विकली जात होती ती शपथ. परदेशातून आलेली कल्पना देशी माणसाने अधिक हुशारीने वापरली, असे चीनमध्ये अनेक धंद्यांत घडले आहे.

आता मात्र शपथ घेणारेच कमी झाले आहेत. 2013 मध्ये चीनमध्ये सुमारे 1 कोटी 35 लाख विवाहांची नोंद झाली होती. 2024 मध्ये ती 61 लाखांवर आली. त्यातच हेनान प्रांतातील कारखाने प्रयोगशाळेत हिरे बनवू लागले. चीनने पहिला कृत्रिम हिरा 1963 मध्येच तयार केला होता, पण तो यंत्रांच्या कामासाठी होता. आता तेथे अंगठीत बसणारे खडे तयार होतात, नैसर्गिक हिऱ्याच्या किमतीच्या अल्पशा भागात. असे खडे सुरतेतही बनतात. मागणी मंदावली आणि तयार मालाचे साठे वाढले, म्हणून भारतीय हिरे उद्योगाने 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर 2023 या काळात कच्च्या मालाची आयात स्वेच्छेने थांबविली. त्या दोन महिन्यांत सुरतेच्या कारागिरांच्या दिवाळीवर सावट होते.

परंतु चिनी ग्राहकाने खर्च करणेच सोडले, असे समजणे चूक ठरेल. तो सोन्याकडे गेला. तेथील तरुण-तरुणी एक ग्रॅम वजनाचा घेवड्याच्या दाण्यासारखा सोन्याचा मणी विकत घेतात आणि काचेच्या बरणीत साठवितात. पगार झाला की आणखी एक. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. ते मोडायला नेले, तर सराफ वजन करतो, घट वजा करतो आणि रोख रक्कम हाती ठेवतो. हिऱ्याची अंगठी मोडायला नेली, तर दिलेल्या किमतीचा लहानसा भागच परत मिळतो, आणि तो किती, हे नेणाऱ्याला आधी सांगता येत नाही. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वारसा म्हणून विकली, तिची किंमत एका पिढीतही टिकेल असे आश्वासन विक्रेत्याने कधी दिले नव्हते. दिवस चांगले होते तोवर कोणी विचारले नाही. बरकत आटली, तेव्हा चिनी सुनेने आणि तिच्या सासूने तो प्रश्न विचारला.

परक्या बाजारात जाणाऱ्याला भाषा, रंग, शुभ-अशुभ अंक, सणांचे दिवस हे सारे शिकावे लागते, आणि ते शिकता येते. चीनमध्ये चाराचा अंक टाळावा, आठाचा आवर्जून वापरावा, हे कोणताही दलाल पहिल्या भेटीत सांगेल. कठीण आहे ते विकलेल्या मालाची जबाबदारी विक्रीनंतर वाहणे. ज्या पेढ्या आज नैसर्गिक आणि कृत्रिम खडा वेगवेगळ्या पुडीत ठेवून तसे लेखी देतात, परतीचा भाव आधी सांगतात आणि सांगितल्याप्रमाणे माल परत घेतात, त्यांचे आजचे उत्पन्न कदाचित थोडे असेल. तरीही चीनमध्ये पुन्हा तेजी आली, तर दार त्यांनाच आधी उघडेल. पूर्वीच्या सराफाला ग्राहक आधी मोडीचा भाव विचारी आणि मगच नवा दागिना पाही. हाँगकाँगला निघालेल्या पेढीवरच्या मुलाने चिनी भाषेतील हाच प्रश्न सर्वांत आधी शिकून घ्यावा, आणि त्याचे उत्तर घरूनच ठरवून न्यावे.