काचेआडची पैठणी

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची अम्मी शाळेत आली. ‘सर, बारावी झालेला पोरगा बाहुल्यांना साड्या नेसवतो. तुम्हीच समजवा त्याला.’ तो नाशिकच्या एका मोठ्या पैठणीच्या दुकानात सेल्समन आहे. शोकेस सजवायचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले.

समजावण्याआधी काम तरी बघावे म्हणून गेलो. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात एक भरजरी पैठणी विणायला महिनेच्या महिने लागतात. रस्त्यावरचा माणूस तिला दोन-चार क्षण देतो. तेवढ्यात त्याचे पाऊल थबकायला हवे. या पोराने शोकेसमधली गर्दी काढून एकच साडी ठेवली होती. पुतळाही नाही, पदर नुसता टांगलेला. हातमागाच्या पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच असते, त्यामुळे मोर बाहेरूनही दिसत होते आणि दुकानाच्या आतूनही. टाचणीचे भोक रेशमात दिसू नये म्हणून ती कुठे टोचायची, जरीवर उजेड बाजूने का पाडायचा, उन्हाने रंग उडायच्या आत साडी कशी बदलायची, हे सगळे त्याने मला तास घेतल्यासारखे सांगितले. (वर्गात हाच पोरगा शेवटच्या बाकावर.)

मी त्याला लैला मेन्शारींबद्दल सांगितले. ट्युनिसियात १९२७ साली जन्मलेल्या या बाई १९७८ ते २०१३ पॅरिसच्या ‘एर्मेस’ या महागड्या दुकानाच्या शोकेस सजवत. दर ऋतूला नवा देखावा. आतला साधा रुमालही ज्यांना परवडत नाही, त्यांनाही तो फुटपाथवरून फुकट बघायला मिळे. २०१७ साली पॅरिसच्या ग्राँ पाले या प्रदर्शनगृहात त्यांचे देखावे मांडले गेले, त्यांच्या नावानिशी.

तो म्हणाला, ‘सर, त्यांना याचाच पगार होता?’

‘याचाच.’

त्याला मिळतो सेल्समनचा. अम्मीचेही खरेच आहे. ज्या हुनराचा एक पैसा घरी येत नाही, त्याला ती काम कशी म्हणेल?

मग दुकानमालकाला अर्ज करायचे ठरले. उर्दू माध्यमातला पोरगा, मराठीत गिऱ्हाइकाला गुंगवतो, पण अर्ज म्हटला की घाम फुटतो. मसुदा मी सांगितला, लिहिला त्याने. ‘सजावटीच्या कामाचा स्वतंत्र मोबदला मिळावा’ हे वाक्य त्याने दोनदा खोडले, तिसऱ्यांदा ठेवले.

मालकांनी अर्ज ठेवून घेतला आहे. शोकेसमध्ये आता मोरांच्या जागी आसावली आली आहे.