हळू गोळी वर लागते

माझ्या हाताचा मला गर्व आहे. जव्हार-मोखाड्याकडून पोलिसात आलेल्यांत थ्री नॉट थ्रीचा राऊंड माझ्याइतका कुणाला कळत नाही, असं मी कायम मानत आलो. निवृत्ती जवळ आली आणि उजव्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून जुन्या लॉटची चाचणी मोखाड्याचीच एक तरुण शिपाई मुलगी घेते. चाप ती ओढते, पुंगळ्या मी उचलतो.

रायफल इशापूरची, राऊंड खडकीचे. 174 ग्रेनची गोळी सेकंदाला 2440 फुटांच्या आसपास सुटायला हवी. जुना राऊंड कमी पडतो, त्यात नवल नाही. मला छळतं ते निराळंच. 100 यार्डांवर मंद गोळी खाली लागावी, ती वर लागते.

कारण ठाऊक आहे. या रायफलचा बोल्ट मागच्या बाजूला अडतो. बार उडताच बॉडी लवते, नळीचं तोंड वर झोकतं, आणि रेंगाळलेली गोळी बाहेर पडेपर्यंत ते आणखी उचललेलं असतं. म्हणूनच 800 यार्डांपलीकडे हीच रायफल मंद आणि जलद गोळ्या जवळजवळ आणते; इंग्लंडातल्या बिस्ली रेंजवरच्या नेमबाजांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी माझ्या डोळ्यांना ते पटत नाही. म्हणून प्रत्येक पुंगळीवर नंबर घालतो आणि निशाणाजवळच्या बटातून एकेक भोक वेगळं कळवायला सांगतो. अशक्त राऊंडची पुंगळी मानेपाशी काजळते, कारण दाब कमी पडला की पितळ चेंबरला घट्ट बसत नाही आणि धूर मागे येतो. अशी काळवंडलेली पुंगळी हातात आली की विचारायचं, "कुठं लागली?" उत्तर येतं, "वर."

हल्ली रायफल शिकंज्यात आवळून राऊंड तपासा म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. लाकूड आवळलं की नळीचा झोक बदलतो, मग तपासली ती रायफल दुसरीच. आमच्याकडच्या पावसात तर नुसत्या ओलीनं लाकूड फुगून ग्रुप सरकतो. पावसाळ्यातली चाचणी उन्हाळ्यात पुन्हा घ्यायची चिकाटी आता कुणात उरलेली नाही. कागदावर सही झाली की सगळे मोकळे.

मुलीचं पहिलं कार्ड आलं तेव्हा भोकं उभ्या रेघेत होती, माझ्या कार्डावर असतात तशीच. माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून मी सुखावलो. मग दिसलं की तिची रेघ अरुंद आहे. उभा फैलाव राऊंडचा, आडवा हाताचा, हे मीच तिला शिकवलं होतं. ते कार्ड मला बघवेना. अजूनही फार वेळ बघवत नाही.

परवा तिनं एक पुंगळी पुढे केली. "साहेब, ही स्वच्छ आहे, तरी वर लागली." चाप ओढल्यावर बार उडायला क्षणभर उशीर झाला होता का, असं विचारलं, तर तिला तसं जाणवलं नव्हतं. आता उरलेल्या लॉटच्या वेळी तिनं नेम धरायचा आणि मी शेजारी बसून नुसता कान द्यायचा, असं ठरलंय.