मुलीमागचा पडदा

चि. मृण्मयी हिस,


हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातून तू पाठवलेला फोटो मिळाला. ‘आत्या, इथे मुलीमागे सगळं काळं आहे, मग आपल्या घरातल्या चित्रात हिरवट कसं?’ असं तू विचारलंस. फार बरं वाटलं. मूळ चित्रासमोर उभं राहून माझी नक्कल ताडून पाहणारी तूच पहिली.

व्हर्मिअरने १६६५च्या सुमारास ही मोत्याच्या डुलाची मुलगी रंगवली, तेव्हा तिच्यामागे हिरवा पडदा होता. गडद थरावर त्याने नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा पातळ, पारदर्शक हात दिला होता. काळाच्या ओघात ते रंग विटले आणि पडदा नाहीसा झाला. २०१८ मध्ये संग्रहालयातच चित्राची तपासणी झाली, तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्या घड्या सापडल्या. ते वाचल्यावर मला काळी पार्श्वभूमी रंगवणं पटेना. त्याने जे रंगवलं होतं ते मला करून बघायचं होतं.

माप मूळचंच ठेवलं, ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. आधी तपकिरी-काळ्यात फक्त उजेड आणि सावली बसवली, मग वर रंग. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत जवसाचं तेल जास्त. उलट केलं तर पुढे चित्राला भेगा जातात. मुलीच्या फेट्याचा निळा व्हर्मिअरने आजच्या अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडापासून केलेला होता. मी ट्यूबमधला अल्ट्रामरीन घेतला. शिशाचा पांढरा विषारी, म्हणून टायटॅनियम व्हाइट.

खरी शिकवणी चेहऱ्यावर झाली. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते सांगणारी रेषच तिथे नाही. दोन्ही एकाच उजळ रंगात मिसळलेत. मोत्याला कडी नाही, धड कडाही नाही. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बाकी मानेची सावली. समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र काढताना मी नाकाची कड हमखास ओढायची. या मुलीने ती सवय सोडवली, आणि म्हणूनच हे चित्र मला माझ्या स्वतःच्या चित्रांइतकंच जवळचं आहे.

आता एक काम कर. १९९४च्या सफाईत ओठांच्या कोपऱ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका उघडा पडला. माझ्याकडच्या छापील प्रतीत तो नीट कळत नाही. पुन्हा गेलीस की जवळून बघ आणि तो शुभ्र आहे की गुलाबीकडे झुकणारा, ते मला कळव.

तुझी,
आत्या